कोलोरॅडो स्प्रिंग्स वसवणारे जनरल पाल्मर : रेल्वे बांधणाऱ्याला गावं वसवायची गरज का पडली?

नर्मदाकाठ :

नमस्कार मंडळी. सध्या लेकीकडे कोलोरॅडो स्प्रिंग्सला मुक्काम आहे. इथे डाउनटाउनमध्ये प्लॅट आणि नेवाडा या दोन रस्त्यांच्या ऐन चौकात घोड्यावर बसलेल्या एका माणसाचा पुतळा आहे, बाजूला चांगली बाग असूनही पुतळा मात्र रस्त्याच्या मधोमध, सगळ्या गाड्या त्याला वळसा घालून जातात. जावई म्हणाले हे जनरल विल्यम जॅक्सन पाल्मर, हे गाव यांनीच वसवलं आणि रेल्वेसुद्धा यांनीच आणली. मग घरी येऊन जरा वाचायला घेतलं तर एकातून दुसरा प्रश्न निघत गेला.

पहिलं म्हणजे हे क्वेकर घराण्यातले, ज्या पंथाला युद्धच मान्य नाही, मग हे जनरल झाले कसे? दुसरं, बहुतेक अमेरिका ४ फूट साडेआठ इंचाचे रूळ टाकत असताना यांनी ३ फुटी रूळ का टाकले? आणि सगळ्यात मोठा प्रश्न मला हा पडलाय की आपल्याकडे आधी गावं होती, मग इंग्रजांनी त्यांच्या मधून रेल्वे नेली, इथे मात्र रेल्वे बांधणारा माणूस जाईल तिथे नवीन गाव वसवत चाललाय, ड्युरँगो काय, अलामोसा काय, साउथ प्वेब्लो काय. रेल्वे चालवायची तर गावाचा व्याप कशाला डोक्यावर घ्यायचा? इथे रेल्वेचा अभ्यास असणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. माणूस म्हणून कसे होते हेही कुणाला माहीत असेल तर लिहा, घाई नाही, सविस्तर लिहा.

रूळवेडा :

काका, तुम्ही माझ्या आवडत्या विषयाला हात घातलात, त्यामुळे लांबण लागणार, सांभाळून घ्या.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या युनियन पॅसिफिकसारख्या कंपन्यांना सरकारने रूळ टाकायच्या बदल्यात जमीन दिली होती, १८६२ च्या कायद्याने दर मैलामागे रुळाच्या दोन्ही बाजूंचे एकाआड एक चौकोन मिळून १० चौरस मैल, आणि १८६४ मध्ये ते दुप्पट केले. ती जमीन विकायची, गहाण टाकायची आणि त्यावर रेल्वे उभी करायची असा तो हिशोब होता. पाल्मरांची डेन्व्हर अँड रिओ ग्रँड ही कंपनी स्थापन झाली ऑक्टोबर १८७० मध्ये, आणि तिला यातलं काहीच मिळालं नाही. १८७२ मध्ये काँग्रेसने दिला तो फक्त जायचा रस्ता, रुळाच्या दोन्ही बाजूंना शंभर शंभर फूट आणि स्टेशनांसाठी थोडी थोडी जागा. आता विचार करा, डेन्व्हरच्या दक्षिणेला तेव्हा माणसंच मोजकी, माल नाही, प्रवासी नाहीत, मग भाड्याचं उत्पन्न येणार कुठून? आणि ते येईपर्यंत लंडनच्या आणि हॉलंडच्या रोखेधारकांचं व्याज कशातून द्यायचं? म्हणून पाल्मर आणि त्यांच्या सोबत्यांनी वेगळ्या जमीन कंपन्या काढल्या. रूळ कुठून जाणार हे यांना आधीच माहीत, तिथली जमीन मातीमोल भावात घेऊन ठेवायची, स्टेशन तिथेच बांधायचं, प्लॉट पाडून विकायचे, आणि वर त्या गावातली माणसं पुढे रेल्वेची गिऱ्हाईकं होणार ते वेगळंच. म्हणजे गाव हा रेल्वेचा जोडधंदा नव्हता, सुरुवातीची बरीच वर्षं रेल्वेचा श्वास त्या जमिनीवर चालला होता असं मी म्हणेन.

आता युद्धाचं. पाल्मरांचा जन्म १८३६ चा, डेलावेअरमधला, बालपण फिलाडेल्फियाजवळ. कोवळ्या वयातच रेल्वेच्या सर्व्हे पार्टीत लागले, १८५५ मध्ये इंग्लंडला जाऊन तिथल्या कोळशाच्या खाणी आणि रेल्वे बघून आले, कारण अमेरिकेत तेव्हा इंजिनं लाकडावर चालायची आणि जंगलं संपत चालली होती. परत आल्यावर पेन्सिल्व्हेनिया रेलरोडचे अध्यक्ष जे. एडगर थॉमसन यांचे सेक्रेटरी झाले. मोठी रेल्वे कंपनी आतून कशी चालते हे त्या टेबलाशी बसून शिकले, आणि पुढच्या सगळ्या आयुष्याची शिदोरी तीच. १८६१ ला यादवी सुरू झाली तेव्हा गुलामगिरीबद्दलची चीड अहिंसेच्या शिकवणीपेक्षा वरचढ ठरली आणि त्यांनी घोडदळ उभं केलं. १८६२ मध्ये अँटीटमच्या लढाईनंतर साध्या कपड्यात टेहळणी करताना पकडले गेले. खरं नाव कळलं असतं तर हेर म्हणून फासावर गेले असते, पण नाव खोटं सांगितलं आणि रिचमंडच्या कॅसल थंडर तुरुंगात काही महिने काढून कैद्यांच्या अदलाबदलीत सुटले. सुटून घरी बसले नाहीत, परत आपल्या रेजिमेंटमध्ये गेले. जानेवारी १८६५ मध्ये अलाबामात रेड हिलला दोनशेहून कमी स्वारांनिशी मोठ्या तुकडीवर हल्ला केला, तोफ घेतली, शंभरेक कैदी घेतले आणि स्वतःचा एकही माणूस गमावला नाही, त्याबद्दल १८९४ मध्ये त्यांना मेडल ऑफ ऑनर मिळालं. ब्रिगेडियर जनरलची मानाची रँक मिळाली तेव्हा वय २८.

युद्ध संपल्यावर कॅन्सस पॅसिफिक रेल्वेसाठी १८६७ मध्ये थेट कॅलिफोर्नियापर्यंतचा सर्व्हे केला, त्या मोहिमेत डॉ. विल्यम बेल नावाचे एक इंग्रज डॉक्टर होते, ते फोटोग्राफर म्हणून भरती झालेले. पुढे तेच पाल्मरांचे जन्माचे भागीदार झाले आणि लंडनचं भांडवल त्यांच्या ओळखीने आलं. १८६९ मध्ये पाल्मरांनी पाइक्स पीकच्या पायथ्याचा हा माळ पाहिला आणि होणाऱ्या बायकोला पत्र लिहून कळवलं की आपण राहायचं तर इथेच. ३१ जुलै १८७१ ला कोलोरॅडो स्प्रिंग्सची पहिली खुंटी ठोकली, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये डेन्व्हरहून ७६ मैलांची लाइन इथे पोचली. तुम्ही रस्ते पाहिलेच असतील, उगाच नाहीत इतके रुंद, मूळ आखणीतच १०० फूट आणि १४० फूट ठेवलेत. झाड नावाला नव्हतं, तर कालवा काढून कॉटनवुडची रोपं लावली. कॉलेजला, शाळांना, चर्चला जागा आधीच राखून ठेवल्या, कोलोरॅडो कॉलेज १८७४ मध्ये त्यातूनच उभं राहिलं. पैशासाठी गावं वसवली हे खरं असलं तरी ज्या गावात आपण स्वतः राहणार ते त्यांनी मन लावून वसवलं.

नॅरोगेजबद्दल, म्हणजे त्या अरुंद ३ फुटी रुळांबद्दल, इथे आणखी जाणकार आहेत, त्यांच्यासाठी सोडतो.

कुर्डुवाडीकर :

रूळवेडा, तुम्ही सोडलंत म्हणजे माझ्यासाठीच सोडलंत.

काका, पाल्मरांचं लग्न नोव्हेंबर १८७० मध्ये झालं आणि नवरा-बायको इंग्लंडला गेले, हनिमून पण आणि भांडवल उभं करणं पण. त्याच वेळी वेल्समधल्या फेस्टिनिओग रेल्वेचा सगळीकडे बोलबाला होता. ही जेमतेम दोन फुटी लाइन, डोंगरातल्या खाणीतली पाटी, म्हणजे छपराची स्लेट, बंदरावर आणणारी. त्यावर रॉबर्ट फेअर्लीचं दोन्हीकडे तोंड असलेलं इंजिन एवढा भार ओढत होतं की जगभरचे इंजिनीअर बघायला येत होते. पाल्मरांनी ती पाहिली आणि ३ फूट नक्की केले. कारण अगदी साधं आहे, डोंगरात खर्च जातो तो कडा फोडण्यात, बोगद्यात आणि पुलात. रूळ जवळजवळ असले की गाडी अरुंद, वळण जास्त तीव्र चालतं, मग डोंगर फोडत बसण्यापेक्षा डोंगराच्या अंगाने वळत जाता येतं. सुरुवातीचे रूळ दर यार्ड लांबीला फक्त ३० पौंड वजनाचे होते हो! पहिलं पॅसेंजर इंजिन माँटेझुमा, बाल्डविनचं, साडेबारा टनांचं.

आता आमच्याकडची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बार्शी ही एवढी मोठी बाजारपेठ, पण जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) मेन लाइन तिला चुकवून गेली, वीसेक मैलांवरच्या स्टेशनला नाव मात्र दिलं बार्शी रोड, तेच आजचं कुर्डुवाडी. मग एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनीअरने १८९७ मध्ये अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. त्यांनी सगळ्या डब्या-इंजिनांना प्रत्येक धुरेवर ५ टनांचीच मर्यादा ठेवली, म्हणजे रूळही ३० पौंडांचे चालले, आणि इंजिनं लीड्सच्या किटसनची. पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली, आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी खच्चून भरायची. दोन्हीकडची अडचण एकच होती, पैसा थोडा आणि पल्ला लांबचा. फरक एवढाच की बार्शीकरांना रेल्वेने चुकवलं ते जीआयपीच्या सोयीसाठी, पाल्मरांनी गावं चुकवली ती ठरवून.

नॅरोगेजचा तोटाही सांगतो. दुसऱ्या कंपनीच्या लाइनला लागलात की सगळा माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरायचा, हमाली वाढली, वेळ गेला. म्हणून १८८१ मध्येच डेन्व्हर ते प्वेब्लो तिसरा रूळ टाकला, म्हणजे दोन्ही मापांच्या गाड्या त्याच रस्त्यावर. १८९० पर्यंत मुख्य लाइन स्टँडर्ड, म्हणजे ४ फूट साडेआठ इंची झाली. डोंगरातल्या फाट्यांवर मात्र नॅरोगेज राहिलं, आणि राहिलं म्हणूनच आज आपल्याला बघायला मिळतंय.

सातपुडा :

वरचं सगळं आवडलं, माहिती पक्की आहे, पण कुर्डुवाडीकरांनी "ठरवून चुकवली" हे एका वाक्यात सांगून सोडलं, त्यावर थांबायला हवं असं मला वाटतं.

कोलोरॅडोतलंच ट्रिनिडाड घ्या. जुनं, वसलेलं, बरेचसे स्पॅनिश बोलणारे लोक असलेलं गाव. तिथल्या लोकांना वाटत होतं की १८७६ मध्ये रेल्वे आपल्याकडे येणार. तर कंपनीने चार-पाच मैल अलीकडे एल मोरो नावाचं स्वतःचं गाव काढलं आणि स्टेशन तिथे केलं. अ‍ॅनिमस सिटीचं तेच. १८८० मध्ये त्यांनी कंपनीच्या अटी मान्य केल्या नाहीत म्हणून दोन मैल दक्षिणेला ड्युरँगो वसवलं, आणि बघता बघता अ‍ॅनिमस सिटीतली दुकानं, माणसं उठून तिकडे गेली. आज अ‍ॅनिमस सिटी म्हणजे ड्युरँगोचा एक भाग आहे, बस. एखाद्या दुकानदाराने दहा वर्षं घालून जम बसवलेला असतो आणि त्याचं भवितव्य एका सर्व्हेअरच्या दोरीवर ठरतं. याचा राग ट्रिनिडाडकरांनी पुढे काढलासुद्धा. १८७८ मध्ये रतोन खिंडीसाठी पाल्मरांची आणि सांता फे रेल्वेची शर्यत लागली तेव्हा तिथल्या लोकांची सहानुभूती सांता फेकडे होती, आणि खिंड पाल्मरांच्या हातून काही तासांच्या फरकाने गेली. मेक्सिकोकडे जायचा त्यांचा सरळ रस्ताच तिथे बंद झाला.

आणि ज्या जमिनीच्या खरेदी-विक्रीबद्दल आपण बोलतोय ती आधी कुणाची होती? सान वान डोंगरांचा मुलूख १८७३ च्या ब्रुनो कराराने यूट या तिथल्या मूळ रहिवाशांकडून घेतला, कारण तिथे खाणी सापडल्या. १८७९ मध्ये मीकर या सरकारी एजंटच्या ठाण्यावर यूटांच्या एका गटाशी चकमक झाली, आणि त्याची शिक्षा म्हणून १८८१ च्या सप्टेंबरमध्ये अनकम्पाग्रे या दुसऱ्याच गटाच्या यूटांना सैन्याच्या पहाऱ्यात युटाहमध्ये हलवलं, ज्यांचा त्या चकमकीशी संबंधही नव्हता. त्यांचे पुढारी उरे यांनी गोऱ्यांशी सलोखा ठेवण्यात हयात घालवली आणि ते १८८० मध्येच वारले, त्यांची बायको चिपेटा मात्र हे सगळं भोगून १९२४ पर्यंत जगली. यूट लोक गेले त्याच महिन्यात ग्रँड जंक्शनची आखणी झाली आणि पुढच्या वर्षी पाल्मरांची रेल्वे तिथे आली. पाल्मरांनी स्वतः यूटांना हाकललं असं मी म्हणत नाही. पण गाव वसवणाऱ्याचं चरित्र सांगताना तिथून कोण उठलं हे सांगितलंच पाहिजे. दक्षिणेकडचे यूट आजही ड्युरँगोजवळ इग्नासिओ भागात आहेत.

रूळवेडा :

सातपुडा, पटलं, आणि हे माझ्या प्रतिसादात यायला हवं होतं असंच वाटतं. मी फक्त एक भर घालतो, ही चाल एकट्या पाल्मरांची नव्हती, त्या काळात पश्चिमेकडे जवळजवळ प्रत्येक रेल्वे गावांकडून रोखे किंवा जमीन मागायची आणि नाही म्हटलं की स्टेशन बाजूला हलवायची. पण पाल्मरांच्या कंपनीला सरकारी जमीन नसल्यामुळे तिने ती जास्त वेळा आणि जास्त कठोरपणे खेळली. काकांनी प्वेब्लोचं नाव घेतलंय, तिथेही १८७२ मध्ये लाइन पोचल्यावर कंपनीने आर्कान्सा नदीच्या पलीकडे साउथ प्वेब्लो काढलंच.

रतोन गेल्यावर काय झालं तेही सांगतो, कारण त्यावर पाल्मरांचं सगळं नशीब फिरलं. लेडव्हिलला चांदी सापडलेली, तिकडे जायचा सोयीचा रस्ता एकच, आर्कान्सा नदीची रॉयल गॉर्ज. हजार फुटांच्या वर उभे कडे आणि सगळ्यात अरुंद ठिकाणी रुंदी जेमतेम तीस फूट, त्यात नदी. दोन रेल्वे तिथे मावणारच नाहीत. एप्रिल १८७८ मध्ये दोन्ही कंपन्यांची माणसं तिथे घुसली, दगडांचे मोर्चे बांधून बंदुका घेऊन बसली, दुसऱ्या बाजूने कोर्टात खटले. मध्येच रोखेधारकांच्या दबावाखाली पाल्मरांना आपली अख्खी रेल्वे सांता फेलाच भाड्याने द्यावी लागली. सांता फेने मालभाडं असं लावलं की डेन्व्हरचा व्यापार मारला जाऊन कॅन्ससकडे वळावा. एप्रिल १८७९ मध्ये सुप्रीम कोर्टाने गॉर्जवर पहिला हक्क पाल्मरांचा ठरवला, आणि जूनमध्ये त्यांच्या माणसांनी एकेक स्टेशन ताब्यात घेत रेल्वे परत मिळवली. प्वेब्लोच्या राउंडहाउसमध्ये, म्हणजे इंजिनांच्या शेडमध्ये, सांता फेने बॅट मास्टर्सन हा नावाजलेला बंदूकबाज आणि त्याची बंदूकधारी टोळी आणून बसवली होती, तेही शेवटी बाहेर पडले. १८८० च्या बॉस्टन करारात पाल्मरांनी सांता फेने गॉर्जमध्ये टाकलेल्या रुळांचे पैसे मोजून ती लाइन घेतली आणि बदल्यात दक्षिणेचा नाद सोडला. डेन्व्हर ते मेक्सिको असं स्वप्न बघितलेली रेल्वे त्या दिवसापासून पश्चिमेला, डोंगरात वळली. ड्युरँगो, गनिसन, ग्रँड जंक्शन ही सगळी नंतरची.

अल्पना_डेन्व्हर :

मी उशिरा आले, पण पाल्मरांच्या बायकोबद्दल, क्वीनबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितेय. मेरी लिंकन मेलन, सगळे त्यांना क्वीनच म्हणायचे. नोव्हेंबर १८७१ मध्ये, म्हणजे गाव अजून खुंट्या आणि लाकडी घरांचंच होतं तेव्हा, त्यांनी इथली पहिली शाळा सुरू केली आणि स्वतः शिकवलं. त्यांना काही ही उजाड जागा फारशी मानवली नाही. १८८० मध्ये हृदयाचा त्रास सुरू झाला, डॉक्टरांनी उंचावर राहू नका सांगितलं, कोलोरॅडो स्प्रिंग्स सहा हजार फुटांवर. मग त्या तीन मुलींना घेऊन आधी पूर्वेकडे आणि नंतर इंग्लंडला राहिल्या, पाल्मर जमेल तसे जाऊन येऊन. १८९४ मध्ये क्वीन तिकडेच वारल्या. ज्या माणसाने बायकोसाठी म्हणून हे गाव निवडलं त्याला तिच्याशिवाय इथे राहावं लागलं, हे मला फार लागतं.

दारूबंदीचं पण सांगते काका, जावयांना आवडेल. प्रत्येक प्लॉटच्या खरेदीखतातच अट होती की इथे दारू बनवली किंवा विकली तर जमीन कंपनीकडे परत. कॉवेल नावाच्या एकाने विकली, कंपनीने जागा परत मागितली, तो भांडत सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १८७९ मध्ये हरला. गाव कायद्याने कोरडं राहिलं ते थेट १९३३ पर्यंत. तहानलेले लोक शेजारच्या कोलोरॅडो सिटीत जायचे, ते जुनं गाव, तिथे सलूनच सलून. आज ते ओल्ड कोलोरॅडो सिटी म्हणून याच शहरात आहे.

शेवटच्या दिवसांचं : १८८३ मध्ये रेल्वे कंपनीचं अध्यक्षपद सुटलं, पण युटाहमधली लाइन त्यांच्याकडे राहिली, ती १९०१ मध्ये विकली आणि त्या पैशातून आपल्या कर्मचाऱ्यांनाही वाटा दिला. मग एकेक पार्क गावाला देत सुटले, मॉन्युमेंट व्हॅली पार्क, नॉर्थ शायेन कॅन्यनमधली बरीच जमीन, पाल्मर पार्क. ऑक्टोबर १९०६ मध्ये घोड्यावरून पडले, पाठीच्या कण्याला मार बसून लुळे झाले. पुढच्या वर्षी रेजिमेंटच्या जुन्या सोबत्यांच्या मेळाव्याला जाणं शक्य नव्हतं, तर स्वखर्चाने रेल्वे करून दोनशेच्या वर म्हातारे शिपाई ग्लेन एअरीला आपल्या घरी बोलावले. मार्च १९०९ मध्ये गेले.

नर्मदाकाठ :

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सातपुडा, तुमचा प्रतिसाद लेकीला आणि जावयांना वाचून दाखवला, नातवाला शाळेत कोलोरॅडोचा इतिहास आहे, त्याला चिपेटांचं नाव माहीत होतं, पण रेल्वेशी संबंध जोडून त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. आता एक व्यावहारिक प्रश्न. गुडघ्यांचा त्रास आहे, फार चालवत नाही. पाल्मरांच्या रेल्वेतलं प्रत्यक्ष बघण्यासारखं जवळपास काय आहे? ड्युरँगोहून सुटणारी सिल्व्हर्टनची गाडी जमेल का?

अल्पना_डेन्व्हर :

काका, ड्युरँगो तुमच्यापासून गाडीने सहा तासांच्या वर आहे आणि मध्ये घाट, एका दिवसात नका करू, दोन रात्री हाताशी ठेवा. ड्युरँगो ते सिल्व्हर्टन ४५ मैल, १८८२ पासूनची लाइन, पूर्वी कोळशाच्या, आता तेलाच्या इंजिनावर, अ‍ॅनिमस नदीच्या कड्यावरून जाते तेव्हा उजव्या हाताला बसलं तर जाताना नदी दिसते. सिल्व्हर्टन ९,३०० फुटांवर आहे, धाप लागते, पाणी भरपूर प्या आणि बीपीच्या गोळ्या जवळ ठेवा.

ते नको असेल तर कॅन्यन सिटी तुमच्यापासून तासाभरावर. तिथून रॉयल गॉर्जची गाडी सुटते, पार्कडेलपर्यंत जाऊन परत, चालायचं काहीच नाही. लाइन आता स्टँडर्ड गेज आहे पण रस्ता तोच, ज्यासाठी मारामारी झाली. सगळ्यात अरुंद जागी हँगिंग ब्रिज येतो, तिथे बाजूला रूळ टेकायला जागाच नव्हती म्हणून १८७९ मध्ये दोन्ही कड्यांना तुळया ठोकून पूल नदीच्या काठाकाठाने टांगलाय. तो बांधला सांता फेवाल्यांनी आणि वापरला पाल्मरांनी. खिडकीतून मान वाकवून वर बघा, तुळया दिसतात. तिकीट आधी बुक करा, शनिवार-रविवारी मिळत नाही.